पूर्ण पडद्यावरची आजी

गेल्या भाद्रपदात मी बारा दिवस एका लॅपटॉपशी भांडले. भांडले म्हणजे खरोखरच. मी ओरडायचे, टेबलावर हात आपटायचे, आणि तो मुकाट पांढरा व्हायचा. तेहतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. माझा आवाज चढला की वर्गाच्या खिडकीतली कबुतरं उडतात, असं मुली म्हणायच्या. पण मुलींवर ओरडलं की त्या निदान गणित पुन्हा करायला घ्यायच्या. या यंत्रावर ओरडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मला एक जुना फोटो दुरुस्त करायचा होता आणि तो पूर्ण पडद्यावर मोठा करून आईला दाखवायचा होता. फोटो पूर्ण पडद्यावर नेला की दुरुस्तीचं ते सॉफ्टवेअर आधी रेंगाळायचं, मग बंद पडायचं. छोट्या चौकटीत सगळं ठीक चालायचं. पण छोट्या चौकटीत आईला काही दिसत नव्हतं.

आई तेव्हा एक्याऐंशीची होती. नल्लकुंट्यातल्या घरात आम्ही दोघीच राहतो. मी लग्न केलं नाही. मधुमेहानं तिचा उजवा डोळा आधीच नेला होता, डाव्या डोळ्यात इंजेक्शनं चालू होती. श्रावणात चिक्कडपल्लीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला बाहेर बसवून मला एकटीला आत बोलावलं. म्हणाले, आता आहे ते टिकवायचं, वाढणार काही नाही. किती दिवस टिकेल, असं मी विचारलं. काही आठवडे धरून चला, म्हणाले. मी बाहेर आले, तिचा हात धरला आणि काही न बोलता रिक्षात बसवलं. मी गप्प बसले म्हणजे काहीतरी वाईट आहे हे तिला न सांगता कळतं. बर्कतपुऱ्याच्या चौकात रिक्षा थांबली तेव्हा ती म्हणाली, "मग एक काम कर. तेवढ्यात मला माझी आई दाखव."

माझी आजी गेली तेव्हा आई सहा वर्षांची होती. आजीचा जगात एकच फोटो आहे, आणि तोही तिच्या एकटीचा नाही. कुणाच्या तरी घरच्या हळदीकुंकवाला जमलेल्या अकरा बायकांचा आहे. आजोबा निजामाच्या वेळेपासून महसूल खात्यात होते. बदल्या होत राहिल्या, पेट्या हरवत राहिल्या, शेवटी हा एवढा फोटो उरला. मागच्या रांगेत डावीकडून तिसरी ती आजी. चेहरा हरभऱ्याच्या डाळीएवढा, आणि फोटोला पडलेली घडी नेमकी त्या चेहऱ्यावरून गेलेली. घडीत कागद झिजून एक डोळा, नाकाचा शेंडा आणि गालाचा तुकडा गेला होता.

तो चेहरा कसा होता हे सांगू शकणारं माणूस एकच उरलं होतं, आणि त्याचीच नजर चालली होती.

त्यात नवमी जवळ आली होती. पितृपंधरवड्यातल्या अविधवा नवमीला आमच्याकडे आजीच्या नावानं सवाष्ण जेवते. नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी तो दिवस असतो. नवराही गेला की हे बंद करतात, असं काही घरांत म्हणतात. आमच्याकडे चालूच राहिलं. आधी मामा करायचा, तो गेल्यावर आईनं हाती घेतलं. मुलीनं हे करावं का, असं एका नातेवाइकानं विचारलं होतं. "आई माझी आहे, तुमची नाही," असं आईनं त्यांना सांगितलं आणि विषय संपवला. पाटावर एक सुपारी मांडायची, तीच आजी. सवाष्ण म्हणून आमच्या खालच्या मजल्यावरच्या तेलुगू अम्मा येतात. पंधरा वर्षं त्याच येतात आणि तांदळाची खीर दोनदा मागून घेतात.

यंदा आईनं नवा बेत काढला. सुपारी नको, फोटो मांडायचा. आजीचा एकटीचा, मोठा, रंगीत. आणि अम्मांना द्यायची साडी आजीच्या त्या साडीच्याच रंगाची घ्यायची.

"पण फोटो काळापांढरा आहे," मी म्हटलं.

"मला ठाऊक आहे ना. अमसुली होती. काठ हळदीसारखा."

पंच्याहत्तर वर्षांपूर्वीच्या साडीचा रंग तिनं कालच्या भाजीचं नाव सांगावं तसा सांगितला. मला त्या क्षणी वाटलं, आपण हे करणारच. मला फोटो दुरुस्त करता येत होते. बहिणीचा मुलगा इंजिनिअरिंगची चार वर्षं आमच्याकडे राहिला होता, जाताना त्याचा खेळ खेळायचा जाडजूड लॅपटॉप इथे टाकून बंगळूरला नोकरीला गेला. त्यानंच ते सॉफ्टवेअर घालून दिलं, शिकवलं. निवृत्तीनंतर मी घरातले सगळे जुने फोटो छोट्या चौकटीतच एकेक करून साफ केले होते. आजीचा फोटो मात्र मी कधी धरला नव्हता. भीती वाटायची. बाकीच्या फोटोंत चूक झाली तर सांगायला माणसं होती.

पहिल्या दिवशी सकाळी आईला खुर्चीत बसवलं, खिडकीचा पडदा ओढला आणि आजीचा चेहरा पूर्ण पडद्यावर पसरला. आई इतकी पुढे वाकली की तिचं नाक पडद्याला टेकायच्या बेतात आलं. डोळा जरा वाकडा करून, कडेनं, ती बघत राहिली. मग म्हणाली, "हौ. आई आहे." तिचा आवाज बदलला होता. मी ब्रश हातात घेतला, म्हणजे माउस, आणि गालावरची घडी भरू लागले. माउस पुढे गेला, रेघ आलीच नाही. तीन सेकंदांनी आली, ती पण भलतीकडे. लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागला, आजीचा चेहरा दुधाची साय आल्यासारखा फिका झाला, आणि सॉफ्टवेअर बंद.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा चार-पाच मिनिटं, पुन्हा साय. त्या दिवशी असं सहा वेळा झालं. त्या तुकड्यातुकड्यांत आईनं एक गोष्ट मात्र सांगितली, की मी भरलेला गाल फार भरदार झालाय. "आईचा गाल आत होता. इथली दाढ काढली होती तिची." मी छोट्या चौकटीत जाऊन गाल आत घेतला, मोठा करून दाखवला. "हौ, आता आईचा झाला," म्हणाली, तेवढ्यात पडदा गेला.

रोज फोनवर भाचा असायचा. फार हुशार मुलगा, पण लांबून सल्ला देणारा म्हणजे उंटावरचा शहाणा. "मावशी, टेन्शन नको घेऊ ना. सिम्पल आहे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट कर." केला. "आता सेटिंगमध्ये जाऊन ग्राफिक्स प्रोसेसर वापरू नको असं सांग त्याला." सांगितलं. मग बंद पडायला पाच मिनिटांऐवजी सात मिनिटं लागायला लागली, आणि ब्रश थिजलेल्या तुपातून ओढल्यासारखा चालायला लागला. "सॉफ्टवेअर काढून परत घाल." काढलं, परत घातलं. "फाइल फार मोठी आहे, लहान करून बघ." लहान केली, तर चेहऱ्याचे चौकोन दिसायला लागले, आणि आई म्हणाली, "हे काय जाळीमागे बसवलं आईला?" आमचा टीव्ही जोडून त्यावर फोटो नेला. टीव्हीवर आजी भिंतभर दिसली आणि भिंतभर गोठली.

जागेचीही एक गंमत चालली होती, जी मला तेव्हा गंमत वाटली नाही. लॅपटॉप म्हणायचा, डिस्क भरली. मी भाच्याचे सगळे खेळ काढून टाकले, माझे गणिताचे पेपर पेन ड्राइव्हवर हलवले, भरपूर जागा झाली. दोन दिवसांनी परत म्हणायचा, भरली. मी काही घालत नव्हते, तरी भरत होती. मला वाटलं माझीच काहीतरी मोजणी चुकतेय, आणि गणिताच्या बाईला तसं वाटणं फार वाईट असतं. शिवाय फोटो मोठा केला की वरच्या कोपऱ्यात एक काळी पट्टी क्षणभर यायची आणि वाचायच्या आत निघून जायची. मी ती जाहिरात समजले. हल्ली कुठेही जाहिरात येते.

सातव्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घालून सिकंदराबादला एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदारानं उघडून बघितला, फुंकर मारली, धूळ काढली. म्हणाला, "मॅडम, इसमें जान नई है. रॅम डालना पडता." मी म्हटलं, डालो. घरी येऊन लावला, रॅम वाढलेला, पंखा स्वच्छ, आणि आजी पाचव्या मिनिटाला पांढरी. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

या सगळ्यात दिवस जात होते आणि आईचा डोळाही जात होता. ती ते बोलायची नाही. पण चहाचा कप हातात देताना मला तिची बोटं कपापर्यंत नेऊन लावावी लागायला लागली. मी ते बघत होते आणि बघून न बघितल्यासारखं करत होते, कारण ते मान्य केलं असतं तर मला लॅपटॉप गच्चीवरून खाली टाकावा लागला असता. मी देव पाण्यात घालून बसले होते म्हणा ना. रोज सकाळी दहा वाजता आईला खुर्चीत बसवायचं, फोटो मोठा करायचा, आणि घड्याळाशी शर्यत लावायची. पाच मिनिटं. तेवढ्यात तिनं बघायचं, सांगायचं, मी लिहून घ्यायचं.

मी तिच्याशी कशी बोलत होते ते मला तेव्हा कळत नव्हतं. घाई होती एवढंच कळत होतं. ती हो म्हणत होती आणि मी पुढे जात होते. गेलेला डोळा मी दुसऱ्या डोळ्यावरून बनवला. चांगला डोळा उचलला, उलटा केला आणि घडीच्या जागी बसवला. आईला विचारलं. ती म्हणाली, "हौ, बरोबर." नाकाचा शेंडा विचारला. "हौ, असाच." मला वाटलं होतं यावर निदान चार वेळा काम करावं लागेल. तिला इतक्या पटकन पटलं याचा मला आनंद झाला. खरं तर मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण माझ्या आईला आयुष्यात पहिल्या फटक्यात काही पटलेलं नाही.

नवमीच्या आदल्या दिवशी शेवटचा घाव बसला. डोळा नीट बसला नाही म्हणून आदल्या रात्री मी तो पुसून ठेवला होता; सकाळी तो नव्यानं बसवून साडीचा रंग भरायला घेतला होता. अमसुली रंग सापडायला मी दुकानातून खरं आमसूल आणून, भिजवून, पांढऱ्या बशीत ठेवून समोर घेऊन बसले होते. मोठ्या पडद्यावर आईला एकदा दाखवते आणि मग जतन करते, असं म्हणून मी तीन तासांचं काम तसंच मोठं केलं. जतन न करता. मी मुलींना जन्मभर सांगत आले की पायरी गाळू नका. आई पुढे वाकली, मी म्हटलं, "रंग बघ, पटकन," आणि आजी अमसुली साडीसकट पांढरी झाली. परत उघडलं तर साडी नव्हती, डोळा नव्हता, सकाळची घडी तेवढी होती.

मी रडले. टेबलावर डोकं ठेवून, शाळेतल्या नापास मुलीसारखी रडले. आई हातानं चाचपत माझ्या पाठीपर्यंत आली. "परेशान होऊ नको, बाई. सुपारी मांडू. पंच्याहत्तर वर्षं सुपारीच होती." मी तिचा हात झटकला. हे लिहायला नको वाटतंय, पण झटकला. म्हटलं, "तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं. तुला नीट बघायला सांगते तर तू नुसती हौ हौ करतेस." ती भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेली.

त्या दुपारी मी फोटो छोट्या चौकटीत, कोणाला न दाखवता, माझ्या मनानं पुरा केला. डोळा पुन्हा उलटा करून बसवला, साडी रंगवली, चिक्कडपल्लीच्या स्टुडिओतून छापून आणला, येताना साडी घेतली. दुकानदारानं सोळा साड्या पसरल्या तेव्हा कुठे तो रंग सापडला. दुसऱ्या दिवशी पाटावर सुपारीच्या जागी आजी बसली. आईनं फोटो दोन्ही हातांत धरला, गालाजवळ नेला, बोटं फिरवली. "हौ. हीच." खालच्या अम्मांनी जेवून, साडी मांडीवर घेऊन फोटोकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बागुंदम्मा, मंची मुखम." छान आहे, चांगला चेहरा आहे. मला फार थकवा आला होता. मी जिंकले आहे की हरले आहे ते मला कळत नव्हतं. आठवड्यानं आईला दिव्याची वात आणि खिडकी एवढंच कळायला लागलं, बाकी सगळं गेलं.

दिवाळीला भाचा आला. फराळाचं ताट मांडीवर घेऊन त्यानं लॅपटॉप उघडला आणि चकलीचा घास तसाच ठेवून म्हणाला, "मावशी, हे काय? त्र्याहत्तर क्लिप?"

मग त्यानं सांगितलं. कॉलेजात असताना तो आपले खेळ रेकॉर्ड करायचा. त्यासाठी त्यानं लॅपटॉपला सांगून ठेवलं होतं, की काहीही पूर्ण पडद्यावर गेलं की आपोआप रेकॉर्डिंग सुरू करायचं, पडद्याचं आणि खोलीतल्या आवाजाचं. काळी पट्टी म्हणजे रेकॉर्डिंग सुरू झाल्याची सूचना. मी आजीला मोठं केलं की लॅपटॉपला वाटायचं खेळ सुरू झाला. एवढा मोठा फोटो आणि वर रेकॉर्डिंग, दोन्ही त्याला झेपायचं नाही. डिस्क भरत होती ती त्यानंच. काखेत कळसा आणि मी सिकंदराबादपर्यंत वळसा घालून आले होते. भाच्यानं एका जागी एक खूण काढली, आजीचा फोटो पूर्ण पडद्यावर नेला आणि ब्रश फिरवला. रेघ हाताबरोबर आली. पंखासुद्धा वाजला नाही.

"डिलीट मारू ना हे सगळं?" त्यानं विचारलं.

"नको," मी म्हटलं. का म्हटलं ते माहीत नाही. कदाचित इतके दिवस छळणाऱ्या चोराचं तोंड बघायचं होतं.

तो गेल्यावर, एका दुपारी आई झोपली असताना, मी ते बघायला बसले. पहिली गोष्ट ऐकू आली तो माझा आवाज. "जवळ ये. आणखी जवळ. सांग लवकर. डोळा बघ. गप्प का? बंद पडेल आता." खिडकीतली कबुतरं उडवणारा आवाज, एका एक्याऐंशी वर्षांच्या बाईच्या कानाशी. मला माझी लाज वाटली. मी क्लिप बंद केली, पाणी प्यायले, परत बसले.

पहिल्या तीन दिवसांच्या क्लिपांत आई खरंच बघत होती. दाढ काढल्याचं, गाल आत असल्याचं तिथे आहे. चौथ्या दिवसापासून वेगळं आहे. एका क्लिपमध्ये पडदा पांढरा झाला आहे, आजी पुसली गेली आहे, मी बहुधा फोनमध्ये भाच्याचा निरोप वाचतेय, आणि विचारतेय, "डोळा बरोबर?" कोऱ्या पडद्यासमोर आई म्हणते, "हौ, बरोबर." दुसऱ्या एका क्लिपमध्ये रेंगाळणाऱ्या सॉफ्टवेअरनं फोटो सरकवला होता, पडद्यावर आजी नव्हतीच. शेजारची बाई होती, रुंद नाकाची, कोण कुठली. मी बघितलं नव्हतं. मी विचारते, "नाक?" आई म्हणते, "हौ, नाक असंच होतं आईचं."

मी तिथे थांबायला हवं होतं. पण गणितात एक ओळ चुकली सापडली की पुढच्या सगळ्या तपासाव्या लागतात. नवव्या दिवसाच्या क्लिपमध्ये पडदा गोठलेला आहे. खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, मी उठून आत जाते, कुकरची शिट्टी होते. खोलीत आई एकटी. मग तिचा आवाज येतो, अगदी हळू, माझ्याशी कधी बोलत नाही असा, लहान मुलीसारखा.

"आई, ही फार चिडलीय गं. मला दिसत नाही हे तिला सांगू नको. फार कष्ट करतेय पोर."

मग माझी पावलं, आणि मी: "कोणाशी बडबडतेस? बघितलंस का?"

"हौ. बघितलं."

म्हणजे गाल तेवढा आजीचा. डोळा माझ्या अंदाजाचा, नाक माझ्या अंदाजाचं. पाटावर मांडलेला, अम्मांनी चांगला म्हटलेला, आता भिंतीवर लावलेला तो चेहरा आजीचा आहे की नाही हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. तिची नजर होती तेव्हाचे मोजके दिवस मी ड्रायव्हर आणि रॅमच्या मागे घालवले, आणि उरलेल्यांत तिच्यावर ओरडले. मला ओरडायला आता कुणी नव्हतं. स्वतःवर ओरडावं तर आई जागी झाली असती.

चार वाजता ती उठली. मी चहा केला, कप तिच्या बोटांना लावला. लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "आई, तुझ्या नातवानं दुरुस्त करून दिला. बंद पडत नाही आता. आजीला मोठी करू?"

तिची मान एकदम वर झाली. "कर ना."

केली. तिला धरून खुर्चीत बसवलं, ती सवयीनं पुढे वाकली, डोळा वाकडा केला. मी शेजारी बसले. आजी पडद्यावर होती, पाच मिनिटं झाली, दहा झाली, पडदा पांढरा झाला नाही. या वेळी मी तिला बघायला सांगितलं नाही. विचारलं, "आजी हसायची का गं?"

"हसायची. पण तोंडाला पदर लावून." मग तिला काय काय आठवायला लागलं. आजी तिला कडेवर घेऊन फोडणी द्यायची, मोहरी तडतडली की तिचे कान झाकायची. आईच्या हातून पावशेर तेलाचा बुधला पडला होता त्या दिवशीही आजीनं मारलं नव्हतं. अमसुली साडी एकच चांगली होती म्हणून सगळीकडे तीच. मी मध्ये बोलत नव्हते. लॅपटॉपनं एकदा बॅटरी संपत आल्याचं सांगितलं, ते मी मिटवलं. थोड्या वेळानं पडदा काळा झाला.

आईला तो उजेड गेलेला कळला की नाही, मला माहीत नाही. ती थांबली नाही. "आणि हसली ना, की तिचा हा डोळा पुरा मिटायचा. हा दुसरा मोठा, आणि हा लहानच होता पहिल्यापासून. असा," म्हणाली, आणि काळ्या पडद्याकडे तोंड करून, तोंडाला पदर लावून, एक डोळा मिटून, माझ्या आईनं मला हसून दाखवलं.

चार्जर आतल्या खोलीत होता. मी आणायला उठले नाही.